पालथी टोपली

कोर्लईच्या पास्कू रोशाला दोन गोष्टींचा गर्व होता. एक त्याच्या वाडीतल्या माडांचा आणि दुसरा त्याच्या कोरेज्मचा. माडांचा गर्व समजण्यासारखा होता, माड खरंच चांगले होते. पण कोरेज्म म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे उपासाचे दिवस. माणसाने जरा नमतं घ्यावं म्हणूनच ते लावून दिलेले. त्यांचाच गर्व करायचा म्हणजे साबण चोरून हात धुण्यातला प्रकार. पण हे पास्कूला सांगणार कोण?

गावात आपल्याइतका कडक कोरेज्म कुणी पाळत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे. दुपारी एकदाच पोटभर जेवण, रात्री वाटीभर पेज. मटणाचं नाव नाही. भिंतीवरचं व्हायोलिन फडक्यात गुंडाळून माळ्यावर. संध्याकाळी घरातल्या आल्तारापुढे, म्हणजे देव्हाऱ्यापुढे, सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून जपमाळ म्हणायची, आणि कुणी मध्ये खोकलं तरी पास्कू एक डोळा उघडून बघणार.

कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत आपसात जुनी पोर्तुगीज वळणाची बोली चाले. पण रोशांची सून फिलोमिना खाडीपलीकडच्या रेवदंड्याची, मराठीत वाढलेली. तिच्यासाठी त्या घराची जीभ मराठीकडे वळली. हा पास्कूने मोठा उपकार मानला होता, म्हणजे त्याने तिच्यावर केलेला.

त्या घराची एक चाल होती, पास्कूच्या आजापासूनची. राखेच्या बुधवारी संध्याकाळी, कपाळावरची राख न पुसता, प्रत्येकाने आपण काय सोडणार ते आल्तारापुढे मोठ्याने सांगायचं आणि ती वस्तू खालच्या फळीवर पालथी घालून ठेवायची. ईस्टरच्या सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या त्या बुधवारी घरात तिघंच होती. मुलगा दोमिंग मुंबईच्या गोदीत कामाला, तो यायचा एकदम सणाला.

पास्कूने आपला करवंटीचा पेला पालथा घातला. "माडी सोडली," तो म्हणाला, आणि कुणीतरी वाहवा म्हणेल म्हणून क्षणभर थांबला.

त्याच्या बायकोने, रोझालने, पानाची चंची ठेवली. "पान सोडलं."

"दात किती राहिलेत तुझे?" पास्कू म्हणाला. "तू पान सोडलंस का पानानं तुला सोडलं? असलं सोडणं देव धरत न्हाय." मग तो सुनेकडे वळला. पोर जेमतेम अठराची, लग्न होऊन वर्षही न झालेलं, रोशांच्या घरातला तिचा हा पहिलाच कोरेज्म. तिला शिकवायला हवं होतंच. "ऐक फिलू. जे सोडताना पोटात कालवतं, तेच सोडायचं. बाकी सगळं ढोंग."

फिलूने आल्ताराकडे पाहिलं. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिथली झाकणाची वेताची टोपली घेऊन आली. दर रविवारी देवळात मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की ती टोपली घेऊन ती होडीने रेवदंड्याला जायची. टोपलीत कधी सुकी मासळी असायची, कधी वाल, कधी नुसतीच चार अंडी. तिची माय एकटीच राहत होती. संध्याकाळच्या भरतीला फिलू परत यायची आणि त्या दिवशी तिचा आवाज घरात जरा मोठा असायचा.

तिने टोपली फळीवर पालथी घातली. "मी माहेर सोडते," ती म्हणाली. "ईस्टरपर्यंत खाडी ओलांडायची न्हाय."

"अगो पोरी!" रोझाल म्हणाली. "असलं काय सोडतंस? दुसरं काय तरी बघ."

सासऱ्याने तिथेच थांबवायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की बाई, गूळ सोड, झालं. पण तो गप्प राहिला. कारण त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

त्याला कारण होतं ते डुकराचं. लग्नाचं जेवण रेवदंड्याला, मुलीच्या दारी. फिलूची आई कातरीन विधवा बाई, पण हौसेने तिने मोठं डुक्कर कापलं होतं. पहिल्या पंगती झडल्या. वराचा बाप म्हणून पास्कू शेवटच्या पंगतीला, गावच्या वडीलधाऱ्यांना घेऊन बसला, तेव्हा त्याच्या पानात रस्सा आला आणि बटाटे आले. मटणाचा तुकडा औषधाला नाही. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "विहीणबाई, मटण कुठं गेलं?" आणि कातरीनने सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "डुक्कर एकच व्हतं, व्याही. तुमच्या वऱ्हाडाला पोटं दोन-दोन निघाली." सगळा मांडव हसला. वऱ्हाडसुद्धा हसलं, हे तर पास्कूला फारच लागलं. त्या दिवसापासून त्याने तिची पायरी चढली नव्हती. सुनेचं दर रविवारी टोपली घेऊन जाणं त्याच्या डोळ्यांत खुपे, पण बोलायला तोंड नव्हतं. आता देवानेच सोय केली होती.

पहिला रविवार आला. मिस्सा झाल्यावर फिलू घरी आली, देवळात जाताना पांघरायची ओल काढून घडी करून ठेवली आणि विहिरीवर गेली. आधीच भरलेली घागर तिने ओतून पुन्हा भरली. पास्कूने ते पाहिलं आणि शेजाऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आमच्या सुनेसारखा कोरेज्म कुणाच्या सुनेनं करून दाखवावा!"

दुसऱ्या रविवारी होडीवाला यूनुस निरोप घेऊन दारात आला. त्या वर्षी राखेचा बुधवार आणि रमजानचा पहिला रोजा मागेपुढेच लागले होते. दिवसभर पाण्याचा थेंब तोंडात न घेता यूनुस उन्हात वल्हं मारायचा, आणि त्याबद्दल कुणाला काही सांगायचा नाही. "फिलू, तुझी माय इचारते, का येत न्हाय म्हनून. जरा कणकण हाय तिला."

"तिला सांगा, ईस्टरला येईन," फिलू म्हणाली. "धरलेला उपास मोडू नये, तिनंच शिकवलंय."

यूनुसने पास्कूकडे पाहिलं. पास्कूने जाळ्याची गाठ सोडवण्यात डोकं घातलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कातरीनची शेजारीण सोनाबाई स्वतःच आली. उन्हातून आलेली, दमलेली. ती ओटीवर बसली आणि पाणी पिऊन मगच बोलली. "हिवताप भरलाय. फणफणलीय नुसती. अन्नाला शिवत न्हाय. पेज केली तर म्हनते, फिलू आली की खाईन. आता तूच सांग मी काय करू?"

फिलू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि वाटणाला बसली. बराच वेळ नुसता पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज येत होता. रोझालने जाऊन पाहिलं, तर पाट्यावर काही नव्हतंच.

रोझाल बाहेर आली. चाळीस वर्षं तिने या माणसाचा कोरेज्म मुकाट्याने सोसला होता. आता मात्र ती कमरेवर हात देऊन उभी राहिली. "ऐकलंत? तुमच्या जिभेला हाड न्हाय, आनि भोगतेय ती पोर."

"मी कुठं सांगितलं माहेर सोड म्हनून?"

"न्हाय. तुमी फक्त गप्प बसलात. आनि का बसलात ते मला ठाऊक हाय. त्या मेल्या डुकरापायी."

पास्कू उठला. तो आत गेला. "फिलू, जा तू. होडी हाय अजून. मी सांगतो, जा."

"बाबा, तुमीच म्हणालात ना, जे सोडताना कालवतं ते." ती त्याच्याकडे न बघताच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच पास्कूला जड गेलं. राग असता तर त्याला भांडता आलं असतं.

तो तडक देवळात पाद्रीकडे गेला. पाद्री म्हातारा, गोव्याकडचा, अर्धवट बहिरा पण डोक्याने जागा. सगळं ऐकून तो म्हणाला, "आईच्या आजारपणाआड येणारा नवस देवाला नको असतो. मी सोडवला. सांग तिला, जा म्हणावं." पास्कूला हायसं वाटलं. तो वळला तेवढ्यात पाद्रीने विचारलं, "आणि तू काय सोडलंस रे यंदा?"

"माडी, पाद्रीबाब."

"दर वर्षी तेच," पाद्री म्हणाला आणि पुस्तकात डोकं घातलं.

पास्कू उड्या मारीत घरी आला. काम फत्ते झालं असं त्याला वाटलं होतं. फिलूने निरोप ऐकला आणि मान हलवली. "न्हाय बाबा. टोपली ठेवताना मी देवाला मनात सांगितलं, मी माझं माहेर सोडते, तू ते सांभाळ. आता मधेच हात काढून घेतला आनि मायला काय झालं, तर? पाद्रीबाब म्हनतील, मी सोडवलं व्हतं. पन मी कुनाला काय सांगू?" आणि मग इतके दिवस दाबून धरलेलं रडं तिला आवरेना. ती पदरात तोंड घालून हुंदके देत राहिली, आणि रोझाल तिच्या पाठीवरून हात फिरवत नवऱ्याकडे बघत राहिली.

पास्कू आल्तारापुढे जाऊन बसला. गुडघ्यांवर नाही, नुसताच मांडी घालून. समोर पेला पालथा होता, चंची पालथी होती, टोपली पालथी होती. पेल्याकडे बघून त्याला काहीच वाटलं नाही. माडीची आठवणही येत नव्हती, खरं तर पहिल्या आठवड्यापासूनच येत नव्हती. टोपलीकडे मात्र त्याला बघवेना. पोर जायला तयार नाही. म्हणजे ज्या बाईचं तोंड बघायचं नाही म्हणून आपण गप्प बसलो, तिलाच आता या घरात आणावं लागणार. आणि विहिणीला आणायला दुसऱ्या कुणाला पाठवून भागत नाही.

 मग त्याने हात लांबवून टोपली उचलली.

"अवो!" रोझाल दारातून म्हणाली. "ईस्टरच्या आधी?"

"सोडलं तिनं. मी न्हाय," पास्कू म्हणाला. "पेजेचं भांडं ठेव हिच्यात. आनि ते लिंबाचं लोणचं घाल, बाईला तापात चव नसेल."

यूनुसच्या होडीने तो लगेच पलीकडे गेला. रेवदंड्याच्या किल्ल्यात, सुपारीच्या वाडीला लागून कातरीनचं घर होतं. पास्कू पायरीपाशी आला आणि उगाचच वहाणा झटकत उभा राहिला. मग चढला. आत खाटेवर कातरीन पडली होती. दांडगी बाई, पण आता चादरीखाली काही आहे की नाही अशी. तिला पाहून त्याच्या मनातलं ते डुक्कर एकदम लहान झालं.

"कोन हाय?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"मी. पास्कू."

"कोन पास्कू? पास्कू रोशा माझी पायरी चढत न्हाय."

"आज चढलो."

तिने डोळे उघडले. "मंग मी मेले का काय?"

परत येऊन उशाशी बसलेली सोनाबाई तोंडाला पदर लावून हसली. पास्कू मात्र हसला नाही. "न्यायला आलोय, विहीणबाई. कोर्लईला. माझ्या घरी."

"लेकीच्या सासरी जाऊन पडू? लोकांनी शेण घालावं तोंडात?"

"तुमच्यासाठी न्हाय, तिच्यासाठी चला. ती येत न्हाय. माहेर सोडलंय तिनं कोरेज्मला, शब्द दिलाय देवाला."

"एवढुशा पोरीला असला शब्द कुनी द्यायला लावला?"

पास्कूने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला, "मी."

कातरीनने त्याच्याकडे पाहिलं. तापाने लाल झालेले डोळे, पण नजर तीच, मांडवातली. आता काय ऐकावं लागणार या भीतीने पास्कूने मान खाली घातली.

"मटन पुरतं का तुमच्याकडं पाव्हन्यांना?" तिने विचारलं.

"कोरेज्म हाय, विहीणबाई. मटनच न्हाय घरात. कमी पडायची भीतीच न्हाय."

कातरीनच्या ओठाचा एक कोपरा हलला. "सोनाबाई," ती म्हणाली, "माझं धुतलेलं लुगडं काढ. असल्या अवतारात न्हाय जायाची मी."

खुर्चीला दोन वासे बांधून पास्कू आणि यूनुस या दोघांनी तिला धक्क्यापर्यंत उचलून नेलं. यूनुस दिवसभराचा उपाशी, ओठ सुकलेले, पण वाटेत खांदा बदलायलासुद्धा थांबला नाही. होडी सुटली तेव्हा सूर्य खाली उतरला होता. खाडीच्या मध्यावर रेवदंड्याच्या मशिदीतली बांग पाण्यावरून आली. यूनुसने वल्हं आत घेतलं, होडी आपोआप वाहू दिली. पुडीतून खजूर काढला, पुटपुटून एक तोंडात टाकला, पाणी प्यायला. मग पुडी पुढे केली.

पास्कूचं दिवसाचं जेवण दुपारीच झालं होतं. त्याने हात जोडले. यूनुसने पुडी कातरीनपुढे धरली. "घ्या मावशी. रोजा सोडायच्या वेळेला न्हाय म्हनू नये."

आता ही न्हाय म्हणणार, असं पास्कूला वाटलं. फिलू आली की खाईन, असंच तिने सगळ्यांना सांगितलं होतं. पण कातरीनने समोर कोर्लईच्या किनाऱ्याकडे पाहिलं. तिथे पाण्याच्या काठाला कुणीतरी उभं होतं. तिने खजूर घेतला आणि सावकाश, चावून चावून खाल्ला. मग आणखी एक मागून घेतला.

होडी टेकायच्या आतच फिलू गुडघाभर पाण्यात शिरली होती. लुगडं भिजलं त्याचं तिला भान नव्हतं. "माय!" एवढंच ती म्हणाली, आणि होडीच्या काठावरूनच आईच्या गळ्यात पडली. होडी कलली तशी यूनुस ओरडला, पण लक्ष कोण देतंय?

थोड्या वेळाने तिने मान वर केली आणि घाबरून सासऱ्याकडे पाहिलं. "बाबा, मोडलं का माझं?"

"काय मोडलं?" पास्कू खेकसला. "तू खाडी ओलांडलीस का? तू हितंच हायस. चल, धर खुर्ची."

ताप लगेच उतरला नाही. काही दिवस तर रोझालने आल्तारापुढची मेणबत्ती विझू दिली नाही, आणि पास्कूने जपमाळ म्हणताना कोण खोकतंय ते पाहणं सोडून दिलं. हळूहळू पेजेची वाटी रिकामी होऊ लागली. मुसलमान वाड्यात ईद झाली आणि यूनुस होडीतून शिरखुर्म्याचं भांडं घेऊन आला, तेव्हा कातरीन ओटीवर बसू लागली होती. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ती काठी टेकत मिस्सेला गेली. आणि नंतर तिने पास्कूच्या माडांना शेणखत कसं कमी पडतंय ते त्यालाच सांगायला सुरुवात केली. दोघांची रोज जुंपे. फिलू स्वयंपाकघरात ते ऐकून हसे, आणि तिच्या आवाजाने घर भरून जाई, मग रविवार असो वा नसो.

ईस्टरला दोमिंग आला. आदल्या दिवशीच डुक्कर कापलं होतं, पास्कूने निवडून आणलेलं, नको इतकं मोठं. मिस्सा झाल्यावर सगळे जेवायला बसले. वाढायला मात्र पास्कू स्वतः उठला. त्याने पहिला डाव कातरीनच्या ताटात घातला, मग दुसरा, मग तिसरा.

कातरीनने ताटावर हात आडवा धरला. "पुरे, व्याही."

हा एक शब्द त्या बाईच्या तोंडून ऐकायला पास्कू लग्नापासून तळमळला होता. आता तो आला, तर त्याचं काय करावं हेच त्याला कळेना. डाव हातात तसाच राहिला. "मंग बटाटा तरी घ्या," तो म्हणाला, आणि सगळ्यांत आधी कातरीनच हसली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या घरी जायला निघाली. फिलू आठ दिवसांसाठी तिच्याबरोबर. टोपली काठोकाठ भरली होती, वर झाकण बसत नव्हतं. दोमिंग त्यांना पोचवायला होडीत चढला. फिलूने सासऱ्याला नमस्कार केला. "जाते बाबा."

"येते म्हन," पास्कू म्हणाला.

तो घरी येऊन ओटीवर बसला. झाडावरून नुकतीच उतरवलेली ताजी माडी रोझालने त्याच्या करवंटीत ओतून आणली. सबंध कोरेज्मभर न शिवलेली ती करवंटी त्याने हातात घेतली. समोर खाडीत यूनुसची होडी लहान होत चालली होती. आत घरात कुणाचाच आवाज नव्हता. कुणी माडांना नावं ठेवत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. आणि पास्कूच्या पोटात असं कालवलं, की त्याला एक हात पोटावर धरून बसावं लागलं.

"प्या की," रोझाल म्हणाली. "सरला कोरेज्म."

"व्हय, सरला," पास्कू म्हणाला, आणि होडी पलीकडे टेकेपर्यंत करवंटी तशीच हातात धरून बसून राहिला.